अगत्ती, लक्षद्वीप: कमरेइतक्या पाण्यातलं स्नॉर्केलिंग (पोहता न येणाऱ्यांनीही वाचा)

वाळूचा_कण

गेल्या महिन्यात आम्ही अगत्तीला आठ दिवस राहून आलो. आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न: कासव दिसलं का, शार्क दिसला का? दिसले. कासवं तर इतकी, की तिसऱ्या दिवशी आम्ही मान वळवणंही सोडून दिलं. पण हा धागा काढलाय माझ्या बायकोच्या स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळ्यांना मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं. तिला पोहता येत नाही, आणि आमच्या चौघांत सगळ्यात जास्त तिनेच पाहिलं.

आधी थोडा भूगोल. लक्षद्वीपची बेटं ३६, वस्ती फक्त १० बेटांवर, आणि सगळी जमीन गोळा केली तरी ३२ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याच्या तिपटीहून मोठं आहे! शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘कंकणद्वीप’ वाचलं होतं, आकृती काढून दोन मार्कही मिळवले होते, पण विमानाच्या खिडकीतून ते कंकण दिसलं तेव्हा पहिल्यांदा अर्थ लागला. कोचीहून एटीआर या छोट्या विमानाने दीडेक तास. खाली नुसता गडद निळा समुद्र, आणि मग अचानक एक फिकट हिरवी थाळी, तिच्या कडेला पांढऱ्या फेसाची रेघ. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी गावच्या तळ्यासारखं शांत राहतं. बेट म्हणजे त्या थाळीच्या काठावर सांडलेली वाळूची चिमूट. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. उतरताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणीच दिसतं, माझ्या मेहुण्याने डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

राहायला एका होमस्टेत होतो. प्रवेशाचा परवाना लागतो, तो त्यांनीच काढून दिला. हे आधीच करायला लागतं, तिकीट काढून मग परवाना बघू असं चालत नाही.

तर पहिल्या दिवशी सकाळी एक विशी-बाविशीतला पोरगा आम्हाला घेऊन किनाऱ्यावर आला. मला वाटलं, बोटीत बसवून लांब नेणार. त्याने कमरेइतक्या पाण्यात उभं केलं, मास्क लावायला दिला आणि तोडक्या हिंदीत म्हणाला, ‘तैरना नहीं. सिर्फ साँस लो.’ वाकून तोंड पाण्यात घालायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. बस. दहा मिनिटं.

सांगायला सोपं आहे. जन्मभर नाकाने श्वास घेतलेला माणूस पाण्यात तोंड घातल्यावर आधी श्वासच रोखून धरतो. डोकं म्हणतं नळी आहे, घे श्वास, आणि छाती म्हणते वेड लागलंय का? मी विहिरीत पोहायला शिकलेला, पाठीला डबा बांधून, त्यामुळे मला तर जास्तच जड गेलं. पोहणाऱ्याला सवय असते डोकं वर काढून श्वास घ्यायची. बायकोला अशी कुठलीच सवय नव्हती. तिसऱ्या मिनिटाला तिचा श्वास लागला, मी अजून ठसकत होतो.

आणि मग तो आवाज. सतत तडतड, तडतड, कढईत मोहरी पडल्यासारखी. मला वाटलं मास्कला तडा जातोय. पोरगा हसला. तो आवाज समुद्राचाच असतो. टिचकी मारणाऱ्या छोट्या कोळंब्या दगडांच्या फटींतून एक नांगी फटकन मिटतात, त्यांचा तो एकत्र कल्लोळ. मध्येच ‘करर्र कर्र’ आलं तर तो पोपटमासा, चोचीने प्रवाळ खरवडतोय. जे खातो त्यातलं चुनखडीचं पीठ मागून सोडतो, आणि ती होते वाळू. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी ‘तयार’ करतो. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर आपण लोळून फोटो काढतो तिचा बराचसा भाग काय आहे हे मेहुण्याला सांगितल्यावर तो दोन दिवस टॉवेल घालून बसत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीने भिंतीकडे गेलो. बायको म्हणाली, मी इथेच थांबते. मला वाईट वाटलं, तिकीट फुकट गेल्यासारखं. परत आलो तेव्हा दोन तास झाले होते आणि ती अजून तिथेच, लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्यापासून वीस पावलांवर पालथी तरंगत. पाण्यात नुसती वाळू. काय बघतेस विचारलं तर वर न बघता हाताने गप्प बस अशी खूण.

मीही तोंड घातलं. काही दिसेना. मग तिने बोट दाखवलं. वाळूत रुपयाएवढं भोक. भोकाच्या तोंडाशी बोटाएवढा, वाळूच्याच रंगाचा मासा, कोपरावर टेकल्यासारखा बसलेला. आणि त्याच्या मागून दर काही सेकंदांनी एक कोळंबी बाहेर येते, पुढच्या दोन्ही नांग्यांनी घमेलंभर वाळू ढकलत आणते, टाकते, परत आत. पुन्हा घमेलं, पुन्हा आत. एकदा एक खडा अडकला तर तो चार वेळा खटपट करून काढला. या कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. म्हणून ती बाहेर आली की तिची एक मिशी कायम त्या माशाच्या शेपटीला टेकलेली असते. मासा पहारेकरी. काही हललं की तो शेपटी थरथरवतो, कोळंबी गडप. फारच झालं तर तोही डोकं खुपसून आत. बिळ खणायचं काम तिचं, राखायचं याचं, आणि राहायचं दोघांनी.

मी आल्यावर दोघं आत गेले होते म्हणून मला आधी काही दिसलं नव्हतं. बायको म्हणाली, हललास की दहा मिनिटं थांबावं लागतं. तिला पोहता येत नाही म्हणून ती हलत नव्हती, म्हणून तिला हे दिसलं. त्या दोन तासांत तिने अशी पाच बिळं हेरून ठेवली होती.

भिंतीबद्दलही लिहितो, कारण खोटं चित्र उभं करायचं नाही. पोराइट्स नावाचा प्रवाळ घुमटासारखा वाढतो, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. दोन मीटर रुंदीचा एक घुमट पाहिला, म्हणजे तो सुरू झाला तेव्हा आमचे पणजोबा असतील. त्याच्या अंगावर निळे-पिवळे झाडूसारखे किडे, हात नेला की फट्कन मिटणारे. भोवती निळ्या अंगाचे, पिवळ्या पाठीचे सर्जनमासे थव्याने. डोळे निवतात. पण त्याच्या पलीकडे फांद्यांच्या प्रवाळाचं अख्खं रान मोडून पडलेलं. राखाडी, वर शेवाळ, बोटांच्या हाडांचा खच पडावा तसं. पोरगा म्हणाला, त्याचे वडील सांगतात इथे पूर्वी पाय ठेवायला जागा नव्हती.

बाकी तुमच्या प्रश्नांप्रमाणे लिहितो. खर्चाचं वेगळं लिहीन, मेहुण्याशी हिशोब मिटला की.

मोरपंखी

किती सुंदर लिहिलंय! पहारेकरी माशाचा फोटो टाका ना.

वाळूचा_कण

ताई, फोटो आहेत पण सगळे निळेशार. पाणी आधी लाल रंग खातं. चार-पाच मीटरवरच लाल वस्तू तपकिरी-करडी दिसायला लागते. उथळात, सकाळी नऊ ते अकरामध्ये काढलेले बरे आलेत. लहान करून टाकतो.

चष्मिष

माझा नंबर उणे साडेचार. चष्मा काढला तर बायको आणि कासव यात फरक कळत नाही. काय करावं?

वाळूचा_कण

हे आधी बायकोला वाचायला देऊ नका. :) नंबरची तयार काच बसवलेले मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. आमच्या मेहुण्याकडे होता. पाण्यात सगळं एकतृतीयांश मोठं आणि थोडं जवळ दिसतं, त्यामुळे नंबर थोडा कमी मिळाला तरी भागतं. मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा, नाहीतर दुसरा बघा. आणि नवा मास्क असेल तर काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा. तो कारखान्याचा पातळ थर गेल्याशिवाय वाफ धरतच राहते. नंतर दर वेळी थुंकी. हो, थुंकी. काचेवर बोटाने पसरा, एकदा बुचकळा. सगळे महागडे फवारे यापुढे फिके.

मिशाळ

थुंकीने माझं काम झालं नाही. अंदमानला नील बेटावर तीन दिवस नाकात खारं पाणी. गाईडने तीन मास्क बदलून दिले. शेवटी म्हणाला, सर, मास्क ठीक है, मूँछ काटो. आमच्या घराण्यात पाच पिढ्या मिशी आहे.

वेंगुर्लेकर

@मिशाळ, सगळी काढू नका म्हाराजा! नाकाच्या लगेच खाली अर्धा बोटभर पट्टी साफ करा, मास्कची कड तिथेच बसते. दुरून कोणाला कळत पण नाही. आमच्यातले काही जण व्हॅसलीन लावतात, पण त्याने रबर लवकर खराब होतं.

मूळ लेखाबद्दल: भरती-ओहोटी बघून गेलात का? ते कोणी लिहीत नाही आणि तेच महत्त्वाचं. आमच्याकडे तिथीची पाऊणकी करतात. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. लहानपणापासून बोटांवर.

वाळूचा_कण

तुमची पाऊणकी मी तिथे लावून पाहिली होती, जुळली नाही. किनारा बदलला की गणित बदलतं. होमस्टेच्या मालकांनाच विचारायचो. मुंबईच्या मानाने तिथली भरती अगदीच लहान, पण लगून, म्हणजे भिंतीच्या आतलं पाणी, उथळ, त्यामुळे तेवढ्यानेही फरक पडतो. पूर्ण ओहोटीला प्रवाळाचे शेंडे पोटाला लागतील इतकं पाणी उतरतं. आम्ही भरतीच्या आधी तासभर उतरायचो.

लाटांचा_हिशोब

यात माझाही एक अनुभव जोडतो, म्हणजे कोणी शिकेल. लक्षद्वीपमध्येच, बेट आणि ज्यांच्याबरोबर गेलो त्यांचं नाव सांगत नाही. बोट भिंतीतल्या खिंडारापाशी उभी केली आणि ‘उतरा’ म्हणाले. ओहोटी लागलेली. पहिली पाच मिनिटं मजा, काही न करता पुढे सरकतोय, खालून सिनेमा चाललाय. मग डोकं वर काढलं तर बोट सत्तर-ऐंशी मीटर मागे.

नंतर एका कोळ्याने समजावलं. लाटा भिंतीवरून दिवसभर पाणी आत टाकत असतात. ते पाणी बाहेर कुठून जाणार? खिंडारातून. त्यात ओहोटीची भर. म्हणजे लगून कितीही शांत दिसो, त्याला मोरी आहे आणि आम्हाला मोरीच्या तोंडाशी उतरवलं होतं. मी बोटीच्या दिशेने जीव खाऊन हात मारत राहिलो, जागचा हललो नाही. शेवटी दमून आडवा गेलो, तेव्हा ओढ कमी झाली आणि एका उथळ जागी टेकलो. टेकलो म्हणजे प्रवाळावर. गुडघा सोलला, ती जखम भरायला सहा आठवडे लागले. धाग्यात कमरेइतक्या पाण्याबद्दल वाचलं आणि वाटलं, आपण उगाच मर्द झालो.

वेंगुर्लेकर

आडवे गेलात म्हणून वाचलात. ओढीशी भांडायचं नसतं. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्याने खिंडाराकडे फिरकूच नये. भांगाचे दिवस बघावेत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, तेव्हा पाण्याला जोर नसतो.

शंकासुर

एक बाळबोध शंका. ती नळी एवढीशी का असते? दोन मीटरची केली तर खालीच बसून बघता येईल ना? पेटंट घेऊ का?

लाटांचा_हिशोब

@शंकासुर, पेटंटआधी मृत्युपत्र करा. एक तर जितकी नळी लांब तितकी तुमचीच सोडलेली शिळी हवा परत आत. आपण एका श्वासाला साधारण अर्धा लिटर घेतो, लांब नळीत त्यातलं बरंचसं नळीतच वर-खाली होत राहील. आणि दुसरं, पाण्याचा दाब. दर दहा मीटरला तो एका वातावरणाएवढा, म्हणजे आपल्यावरच्या नेहमीच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. एक मीटरवरसुद्धा छातीवर एवढं वजन येतं की बाहेरची साधी हवा ओढून छाती फुगवायला स्नायू पुरत नाहीत. पाणबुड्याच्या टाकीतून हवा त्या खोलीच्या दाबाने येते म्हणून त्याचं जमतं. स्नॉर्केलच्या नळ्या म्हणूनच वीतभर-दोन वीत.

शंकासुर

समजलं. पेटंट रद्द. आता बर्म्युडा घालून वरूनच बघतो.

काढाप्या

मी डॉक्टर आहे, म्हणून थोडं रसभंग करणारं. अख्खा चेहरा झाकणारे मास्क हल्ली सर्रास दिसतात, नाकाने श्वास घेता येतो म्हणून नवख्यांना आवडतात. त्यातल्या स्वस्त नगांत आतली आणि बाहेरची हवा नीट वेगळी राहत नाही, शिळी हवा साठते आणि डोकं जड होतं. शिवाय घाबरल्यावर तो पटकन ओरबाडून काढता येत नाही. साध्या मास्कमध्ये तोंडातून नळी थुंकली की सुटलात. साठीच्या पुढचे, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेले यांनी एकट्याने उतरूच नये. दम लागतोय असं वाटलं की पोहत किनारा गाठायचा प्रयत्न नको, आधी नळी काढा, पाठीवर वळा, हात वर करा. समोरच्या चौघांना पाहून लाजू नका. आणि लेखात लिहिलंय तसं उभं राहता येईल एवढं पाणी हे सगळ्यात उत्तम औषध.

सूनबाई_ठाणे

वाचून धीर आला. दिवाळीनंतर जायचा विचार आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. पाण्याची भीती अशी की बादलीतलं पाणीसुद्धा तांब्यानेच घेतात. त्यांना नेऊ का? त्या म्हणतात मी घरी राहते, तुम्ही जा. घरी ठेवलं तर वर्षभर ऐकायला लागेल.

काढाप्या

@सूनबाई, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर न्या. पाण्यात गेल्याच पाहिजेत असं काही नाही.

वाळूचा_कण

नक्की न्या. जेवणाचं मात्र बघून ठेवा. रोज टूना, भात, नारळ. शाकाहारी असतील तर थालीपीठाची भाजणी, मेतकूट बरोबर असू द्या. जवळपास सगळी मुस्लिम वस्ती आहे, माणसं अतिशय लाघवी, गावात अंगभर कपडे घालावेत एवढंच. पाण्यात लांब बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग सगळ्यात उत्तम, पाठही भाजत नाही.

हिरवा_माणूस

सगळे गोडगोड बोलताय म्हणून विचारतो. जी परिसंस्था मरतेय असं तुम्हीच लिहिता, तिथे गर्दी करायची कशाला? तुमचं सनस्क्रीन, तुमच्या बोटी, तुमची लाथ. प्रवाळ वाचवायचे असतील तर घरी बसा.

मोरपंखी

सगळ्यांनी घरी बसायचं तर तिथल्या लोकांनी काय करायचं?

वाळूचा_कण

@हिरवा_माणूस, राग समजतो. पण नेमकं काय मारतंय ते बघू या. प्रवाळ हा प्राणी, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते त्याला अन्न करून घालतं. रंगही बराचसा त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हा भाडेकरू बाहेर पडतो आणि प्रवाळ पांढराफटक होतो. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर उपासमारीने जातो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ ला झालं, मग २०१०, मग २०१६, आणि परत २०२४ ला. मधली अंतरं बघा. १२ वर्षं, ६ वर्षं, ८ वर्षं. तिथल्या भिंतींचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलंय की १९९८ पासून जिवंत प्रवाळाचं आवरण जवळपास निम्म्यावर आलंय. ती उष्णता माझ्या सनस्क्रीनमधून आलेली नाही.

म्हणून सनस्क्रीन लावा असं नाही. पलाऊने २०२० ला आणि हवाईने २०२१ ला काही रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातलीच आहे. पण ते टाळलं म्हणजे प्रवाळ वाचवला असं समाधानही करून घेऊ नका. विमानाने गेलो, ते माझ्या खात्यावर आहेच.

हिरवा_माणूस

निदान हिशोब मांडलात. लाथेचं काय?

वाळूचा_कण

लाथेचं तुमचं शंभर टक्के बरोबर. एका माणसाच्या फिनने (पायात घालायचं रबरी वल्हं) वीस वर्षांच्या फांद्या मोडताना डोळ्यांनी पाहिल्या, तो माणूस अंगठा वर करून फोटोला उभा होता, प्रवाळावरच. म्हणून तर म्हणतो, पहिले दोन दिवस फिन घालूच नका आणि वाळूवर शिका.

दोन_तिकिटं

अवांतर पण जवळचं. माझ्या मावशीने किनाऱ्यावर पडलेले पांढरे तुकडे देवघरात ठेवायला पिशवीत घातले होते. विमानतळावर बॅग उघडायला लावली, तासभर खुलासे. ‘मेलेलेच होते हो’ चाललं नाही.

लाटांचा_हिशोब

चालणारच नाही. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जो वाघाला कायदा, तो मावशीच्या तुकड्याला. मेलेला का जिवंत हा प्रश्नच येत नाही.

टिकटिक

अंदमानकरांसाठी एक सूचना. टायटन ट्रिगरफिश नावाचा एक मोठा, दातांचा मासा असतो. घरटं राखत असेल तर अंगावर येतो, चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंद होत जाते. घाबरून वर पळालं की आपण त्याच्या हद्दीतच राहतो. आडवं सटकायचं. मला हे फिनला दोन भोकं पडल्यावर कळलं.

कातळवेडा

उशिरा येतोय. सगळे मासे बघताय, मी दगडाबद्दल बोलतो.

ही थाळी बनते कशी? आधी पाण्यातून वर आलेला ज्वालामुखी, त्याच्या कडेने प्रवाळ. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि कंकण उरतं. हे डार्विनने १८४२ ला मांडलं. आता आपल्या कामाची गोष्ट: ज्या तप्त बिंदूतून (जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक वर येण्याची जागा) साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ ओतला गेला, तोच बिंदू पुढे, भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत असताना, लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग मागे सोडत गेला, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आज तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे रायगडाचा कडा आणि वाळूचा_कण यांच्या त्या थाळीचा बुडलेला तळ एकाच चुलीवरचे. तिथे पालथे तरंगताना पाठीवर सह्याद्री आठवून बघा.

आणि ‘अटोल’, म्हणजे कंकणद्वीप, हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेला. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाची महल ही तिचीच बोली. बाकीच्या बेटांवर मल्याळमची बोली चालते.

वेंगुर्लेकर

व्वा कातळवेडा! यात आपली अंग्रिया बँक घाला. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर, भर समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. पण सगळ्यात उथळ भाग वीसेक मीटरवर, तिथे नळी लावून काही दिसायचं नाही, टाकी लागते. नळीवाल्यांना आमचं मालवण आहेच, १९८७ पासून सागरी अभयारण्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे दगडांवर प्रवाळ आहेत. पाणी लक्षद्वीपसारखं काचेचं नाही, गढूळ असलं तर स्वतःचा हात दिसत नाही, खोटं सांगणार नाही. पण जाऊन या, सोलकढी तरी मिळेल.

मिशाळ

पट्टी काढली. कोणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं.

सूनबाई_ठाणे

(बरेच महिने गेलेत, धागा वर काढतेय.) परवाच परत आलो. कोचीपर्यंत रेल्वे, पुढे विमान. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, अट एकच, पोहायचं नाही. सासूबाई पहिले दोन दिवस नारळाच्या सावलीत. तिसऱ्या दिवशी होमस्टेच्या काकांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि गुडघाभर पाण्यात नेऊन ठेवली. त्या साडी खोचून तिथे बसल्या. तास झाला, दीड तास झाला. मग मला हाक मारली, म्हणाल्या ते चष्म्याचं दे इकडे. नळी नको म्हणाल्या. मास्क हाताने चेहऱ्याला धरला, वाकल्या, श्वास धरून तोंड घातलं. वर आल्या. ‘अगं, खाली काहीतरी तडतडतंय.’

त्यानंतर रोज सकाळी खुर्ची.

वाळूचा_कण

बिळ दिसलं का?

सूनबाई_ठाणे

खुर्चीच्या पायाशीच होतं. पहिल्या दिवशी खुर्ची टेकली तेव्हा बुजलं असणार, दुसऱ्या दिवशी बाजूने नवं तोंड काढलेलं. सासूबाईंनी मग खुर्ची दोन हात लांब घ्यायला लावली. दादा, तुमच्या त्या नंबरच्या मास्कबद्दल एक विचारायचं होतं, वाचायच्या चष्म्याच्या नंबरचाही मिळतो का? त्यांना जवळचं नीट दिसत नाही आणि पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतात.